मुलाच्या नावाचे पत्र

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत मुलांची जागा ठरलेली असे. पत्र घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावाचे. वर 'श्री', मग साष्टांग नमस्कार, मग पीकपाणी, दुखणीखुपणी, सोयरिकीच्या गोष्टी, आणि कार्डावरची जागा संपत आली म्हणजे अगदी कडेला, उभ्या ओळीत, 'चिरंजीवांस अनेक आशीर्वाद.' मुलांनी तेवढ्या आशीर्वादावर समाधान मानावे असा रिवाज होता. अशा घरात एखाद्या दिवशी खुद्द मुलाच्या नावाचे पत्र यावे. पत्त्याच्या जागी त्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका असे सारे शिस्तीने लिहिलेले असावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. ज्याच्या नावाचे पत्र येते तो माणूस मोठा, एवढे गणित सात-आठ वर्षांच्या पोरालाही कळते.

गेल्या शतकात जगभर ज्यांनी मुलांच्या संघटना उभारल्या, त्यांनाही हे गणित पक्के ठाऊक होते. कोणी मुलांना रानात तंबू ठोकायला बोलावले, कोणी सेवेला, कोणी स्वातंत्र्याच्या कामाला, तर कोणी सरळ सरळ युद्धाच्या खाईत. ह्या बोलावण्यांचा थोडासा इतिहास दिवाळीच्या निवांतपणी, फराळाचे ताट बाजूला सारून म्हणा किंवा पुढ्यात ठेवून म्हणा, वाचकांपुढे मांडावा असे मनात आले. मी कर्जत तालुक्यातला एक निवृत्त शाळामास्तर. जगाचा इतिहास वाचतानाही माझे पाऊल मधूनमधून कर्जत-खालापुराकडे वळणार. वाचकांनी ते सांभाळून घ्यावे.

आरंभी एक शब्दांची गोष्ट. आपल्या भाषेत बोलावण्याला दोन शब्द आहेत: निमंत्रण आणि आमंत्रण. लग्नपत्रिका छापताना आपण ते सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण पाणिनीने क्रियापदाचे विध्यर्थी रूप कोठे कोठे वापरावे ते सांगताना हे दोन शब्द वेगवेगळे मोजले आहेत, आणि पुढच्या टीकाकारांनी त्यांतला भेद उलगडून दाखवला आहे. निमंत्रण म्हणजे ज्याला गेलेच पाहिजे असे बोलावणे. त्याचे उदाहरण त्यांनी दिले आहे ते श्राद्धाच्या जेवणाला दौहित्राला, म्हणजे मुलीच्या मुलाला, बोलावण्याचे. आमंत्रण म्हणजे जावे किंवा न जावे, ज्याची त्याची मर्जी. हजारो वर्षांपूर्वीच्या वैयाकरणांना मुलांच्या संघटनांची कल्पना कोठून असणार? पण मुलाला येणाऱ्या प्रत्येक बोलावण्याला मी आज जो प्रश्न विचारीन तो त्यांनीच तयार करून ठेवला आहे: हे आमंत्रण की निमंत्रण? पोराला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे की नाही?

आता आमच्या भागाकडे. कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातले समुद्र न दिसणारे तालुके. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, पण कुलाब्याच्या लाटांचा आवाज इकडे कधी आला नाही. आमच्याकडे आवाज आला तो आगगाडीचा. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत पोचली आणि १८६३ साली बोरघाटाची चढण ओलांडून ती पुण्याकडे निघाली. गाडीबरोबर टपाल आले. १८७९ च्या जुलै महिन्यात हिंदुस्थानात एका पैशाचे, म्हणजे पाव आण्याचे, पोस्टकार्ड निघाले, आणि गरिबालाही चार ओळी धाडता येऊ लागल्या.

पण टपाल येते ते पोस्टापर्यंत. पुढे पायवाट असते. माथेरान, इर्शाळ, ढाक ह्या डोंगरांच्या कुशीत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. तेथे पिढ्यान्पिढ्या पत्र आले तरी ते वाचणार कोण, हाच प्रश्न होता. तेथले बोलावणे तोंडी. लग्नाचे आवतण द्यायला माणूस स्वतः चालत जाई, उंबऱ्यावर टेकून पाणी पिई आणि मग निरोप सांगे. चालत आलेल्या माणसाला काय वाटेल ते विचारता येते; कोण कोण येणार, कधी परतायचे, जेवणाचे काय. कार्डाला ते विचारता येत नाही. पत्राने बोलावणे आणि माणसाने बोलावणे ह्यांतला हा फरक पुढे कामी येणार आहे.

१९०७ सालच्या मार्च महिन्यात नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेडन-पॉवेल हे सेनाधिकारी पत्रे लिहीत बसले होते. दक्षिण आफ्रिकेच्या लढाईत माफेकिंगचा वेढा झुंजवल्यामुळे त्यांचे नाव घरोघर झाले होते. पोरांना रानात राहायला शिकवावे, माग काढणे, चूल पेटवणे, एकमेकांना सांभाळणे हे त्यांच्या अंगी बाणवावे, अशी कल्पना त्यांच्या मनात घोळत होती. ती करून पाहण्यासाठी त्यांनी ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर ऑगस्टच्या आरंभी आठवडाभराचे शिबिर भरवले. मुले गोळा केली ती पत्रे पाठवून, आणि पत्रे पाठवली ती मुलांच्या पालकांना. ओळखीच्या सुखवस्तू घरांतली काही मुले, आणि जवळच्या गावांतल्या 'बॉइज ब्रिगेड'मधली कामकऱ्यांची काही मुले, अशी सारी वीसएक. वर्गणी ऐपतीप्रमाणे: मोठ्या शाळांतल्या मुलांना एक पौंड, इतरांना साडेतीन शिलिंग. जातिवंत सरदारांचे पोर आणि दुकानदाराचे पोर एका तंबूत झोपले, ही त्या काळच्या इंग्लंडात नवलाची गोष्ट होती. पुढल्या वर्षी, १९०८ साली, बेडन-पॉवेलांचे बालवीरांचे पुस्तक पंधरवड्याच्या भागांनी निघू लागले, आणि मग तर बोलावण्याची वाट न पाहता मुलांनीच आपापल्या तुकड्या बांधल्या.

ह्या पहिल्या पत्रांत मला तीन गोष्टी दिसतात. पत्र पालकांच्या हातून गेले. किती दिवसांचे आणि किती खर्चाचे, ते आधी ठरलेले होते. आणि 'आमचा मुलगा येणार नाही' असे उत्तर आले असते तर कोणाचे काही बिघडणार नव्हते. म्हणजे हे आमंत्रणच.

टपालाचा पुरता उपयोग केला तो मात्र अमेरिकेत. शिकागोचे वृत्तपत्र-मालक विल्यम बॉइस ह्यांनी १९१० साली तेथल्या बालवीर संघटनेचा पाया घातला होता. त्यांची साप्ताहिके खेड्यापाड्यांत विकायला पोरेच असत, त्यामुळे एकट्यादुकट्या शेतवस्तीवरच्या मुलाचे मन त्यांना माहीत होते. ज्याच्या शेजारी दोन-दोन कोस दुसरे मूल नाही, त्याने तुकडी कोणाबरोबर बांधायची? त्यावर बॉइस ह्यांनी १९१५ साली 'लोन स्काउट्स', म्हणजे एकांड्या बालवीरांची संघटना काढली. थोडी नाणी आणि आपले नाव-पत्ता शिकागोला टपालाने धाडावा की पोरगा सभासद. पुढारी नको, सभागृह नको. संघटनेचे मासिक-साप्ताहिक टपालाने येई, त्यात पोरांनीच लिहायचे, पोरांनीच पोरांना पत्रे धाडून आणखी सभासद मिळवायचे. हजारो मुले अशी कागदावरच एकमेकांची मित्र झाली. ज्याला कोणी बोलावत नाही त्याला बोलावले, हे ह्या संघटनेचे मोठे पुण्य. १९२४ साली ती मूळच्या अमेरिकन बालवीर संघटनेत मिसळून गेली.

पण पुण्याच्या वहीतच एक काळी ओळ आहे. १९२० च्या सुमारास ह्या संघटनेने जाहीर केले की, सभासद फक्त गोरीच मुले होऊ शकतील. पत्रावर कातडीचा रंग दिसत नाही. तो दिसावा म्हणून नियम करावा लागला. तेव्हा आमंत्रणाला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: हे पत्र कोणाला पाठवलेले नाही?

हा प्रश्न आपल्या देशाला फार लवकर विचारावा लागला. बालवीर चळवळ हिंदुस्थानात आली १९०९ साली, बंगलोरला. पण ती गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरती. ज्या रानांत ती मुले माग काढायला शिकणार होती, त्या रानांच्या मालकांच्या मुलांना तीत जागा नव्हती. मग १९१६-१७ च्या सुमारास मद्रासेत ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल ह्यांनी हिंदी मुलांची वेगळी बालवीर संघटना उभी केली, आणि अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी ह्यांनी सेवासमितीची. १९२१ साली बेडन-पॉवेल स्वतः येऊन गेले, हिंदी मुलांना दार उघडले गेले, काही संघटना एक झाल्या, पण सेवासमिती वेगळीच राहिली. राजनिष्ठेची शपथ कोणाच्या नावाने घ्यायची, हा काही केवळ शब्दांचा वाद नव्हता. सगळ्या वाटा एकत्र आल्या त्या स्वातंत्र्यानंतर: ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था झाली आणि पुढल्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही तीत आली.

महाराष्ट्रात मुलांना बोलावण्याची आणखी एक परंपरा वाढत होती. तिचे मूळ डॉ. ना. सु. हर्डीकर ह्यांच्या हिंदुस्थानी सेवादलात. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहानंतर, १९२३ च्या अखेरीस काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी ते स्थापन झाले. पुढे ४ जून १९४१ रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख. संध्याकाळची शाखा, मैदानी खेळ, कवायत, गाणी, सफाई, आणि जात-धर्म न विचारता एका पंगतीत जेवण. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी मराठी घरांत ह्या शाखांची गाणी अजून गुणगुणली जातात.

ह्या परंपरेतले सर्वांत मोठे पत्रलेखक म्हणजे साने गुरुजी. अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. रोज सकाळी मुलांनी उठावे तो त्यांच्यासाठी लिहिलेला ताजा मजकूर हजर! एकच प्रत, पण वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपल्याच नावाची वाटे. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९४८ च्या स्वातंत्र्यदिनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, आणि त्यातून आपल्या पुतणीला, सुधाला, पत्रे लिहिली. तीच पुढे 'सुंदर पत्रे' झाली. पत्र सुधाला, पण ते आपल्यालाच आले आहे असे समजून महाराष्ट्रातल्या मुलांनी ते वाचले. त्यांत 'ये, भरती हो' असे फर्मान नाही. फुले, पक्षी, माणसे, देश ह्यांच्याविषयी एक वडीलधारा माणूस बोलतो आहे, एवढेच. ते वाचून मूल आपण होऊन उठे आणि कामाला लागे. माझ्या मते मुलांना बोलावण्याचा ह्याहून निर्मळ मार्ग नाही: आधी काही द्यावे, मग मागावेसे वाटले तर मागावे, आणि पुष्कळदा मागूच नये.

आता पुन्हा कर्जतेस. ज्या १९१५ साली शिकागोत एकांड्या बालवीरांची नोंदणी सुरू झाली, त्याच साली खोपोलीच्या टाटांच्या वीजगृहातून मुंबईला वीज जाऊ लागली. त्या आधी तीन वर्षे, १ डिसेंबर १९१२ रोजी, माथेरानला एका गरीब नाभिक घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हा मुलगा जन्मला होता. तो वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, पण त्याचे मन डोंगराखालच्या वाड्यांत. भाई कोतवालांनी शेतकरी-आदिवासींच्या पोटासाठी धान्यकोठ्या काढल्या आणि त्यांच्या मुलांसाठी गावोगाव स्वयंसेवकांच्या बळावर शाळा चालवल्या. ह्या शाळांकडे मी आमच्या विषयाच्या दृष्टीने पाहतो. ज्याला वाचता येत नाही त्याला आमंत्रण कसले? आधी अक्षर द्यावे, मग पत्र. कोतवालांनी क्रम बरोबर लावला.

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. भाई भूमिगत झाले आणि कर्जत-मुरबाडच्या रानांत त्यांचा 'आझाद दस्ता' उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज पुरवणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे त्या पावसाळ्याच्या अखेरीपासून एकामागून एक कोसळू लागले. ह्या दस्त्यात गावोगावची तरणी पोरे होती. त्यांतला एक मानिवलीचा हिराजी गोमाजी पाटील. ह्यांचे बोलावणे टपालाने जाणे शक्यच नव्हते, टपाल सरकारचे. ते गेले आवतणासारखे, माणसाच्या पायाने आणि माणसाच्या तोंडाने. धोका कशाचा आहे हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणून होते, कारण सांगणारा स्वतः पुढे चालणार होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तेथे गोळ्यांना बळी पडले. भाई तेव्हा तीस वर्षांचे होते. ज्याने बोलावले तो आणि जो बोलावण्यावरून गेला तो, दोघे एकाच जागी पडले. मुलांना, तरुणांना संकटात बोलावण्याचा अधिकार कोणाला, ह्या प्रश्नाचे उत्तर सिद्धगडाने एका परीने दिले आहे. जो स्वतः मागे घरात बसणार नाही त्याला.

ह्याच्या अगदी उलट चित्र त्याच वर्षी जर्मनीत दिसत होते. तेथे हिटलरच्या पक्षाची युवक संघटना १९३३ पूर्वी लाखभर मुलांची होती. सत्ता येताच ती फुगली, आणि बाकीच्या संघटना एकेक करून बंद पडल्या किंवा तिच्यात ओढल्या गेल्या. बालवीरही बंद झाले. १९३६ साली मोहीम निघाली की, १९२६ साली जन्मलेले प्रत्येक दहा वर्षांचे मूल २० एप्रिलला, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी, त्याला भेट म्हणून अर्पण करायचे. मुलांची भेट! तेव्हा अजून ते बोलावणेच होते, पण न जाणाऱ्या मुलाची शाळेत काय अवस्था होत असेल ती कोणत्याही मास्तराने कल्पनेने जाणावी. त्या डिसेंबरात कायदा आला की, सगळी जर्मन मुले-मुली ह्या संघटनेत समाविष्ट आहेत. २५ मार्च १९३९ च्या हुकुमाने उरलासुरला पडदाही गेला. दहा ते अठरा वर्षांपर्यंत सेवा सक्तीची. आपले मूल दहा वर्षांचे होईल त्या वर्षी पालकाने १५ मार्चच्या आत त्याची नोंदणी केलीच पाहिजे, आणि जाणूनबुजून न केली तर दीडशे मार्कपर्यंत दंड किंवा कैद. आमंत्रणाचे निमंत्रण झाले, आणि निमंत्रणाचा हुकूम. १९४५ च्या वसंतात बर्लिनच्या रस्त्यांवर ह्याच संघटनेतली मिसरूडही न फुटलेली पोरे रणगाड्यांसमोर उभी केली गेली. त्यांना उभे करणारे पुष्कळसे तोवर पळवाटा शोधू लागले होते.

पण त्या काळोखातही एक मुलगा आठवतो. हॅम्बुर्गचा हेल्मुट ह्यूबेनर. बालवीर संघटना बंद होण्यापूर्वी तो तीत होता. लपूनछपून त्याने इंग्लंडची रेडिओ-वार्ता ऐकली, युद्धाचे खरे वर्तमान टंकयंत्रावर उतरवले, आणि दोन-तीन मित्रांच्या मदतीने ती पत्रके लोकांच्या घरच्या पत्रपेट्यांत टाकली. सरकार मुलांना फर्माने धाडीत होते. ह्या मुलाने मोठ्यांना पत्रे धाडली. तो पकडला गेला, आणि २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वय सतरा. त्याच आश्विन-कार्तिकात इकडे कर्जतच्या रानात आझाद दस्ता मनोरे पाडीत होता. दोघांना एकमेकांचा गंधही नव्हता.

जर्मनीकडे बोट दाखवून आपण मोकळे व्हावे, असे मात्र नाही. सक्तीचा मोह लोकशाहीलाही होतो. आपल्याकडे १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली ती ऐच्छिक म्हणून. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ साली ती महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची केली गेली. प्रसंग तसाच होता, हे खरे. पण १९६८ साली ती पुन्हा ऐच्छिक झाली, आणि १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजनेची दुसरी वाटही विद्यार्थ्यांना खुली झाली. घेतलेले पाऊल मागे घेता आले, ह्यातच लोकशाहीचे वेगळेपण आहे.

आता ज्यांना आमंत्रण पोचतच नाही त्यांच्याविषयी थोडे बोलतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. माझ्या नोकरीच्या काळात शहरांतल्या निरनिराळ्या संस्थांची शिबिरांची छापील पत्रे शाळेत येत. काही पत्रे थेट मुलांच्या नावाने येत. नावे शाळेकडूनच गेलेली असत. शिबिरे दोनच वेळी, मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत. शहरातल्या घराला ह्यापेक्षा सोयीची वेळ नाही. पण आमचा मुलूख भाताचा. मे महिन्यात राब भाजून शेत तयार करायचे, आणि दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी. एक बाप मुलाच्या नावाचे पत्र हातात घेऊन शाळेत आला होता. पत्र त्याने घामाने भिजू नये म्हणून टोपीत ठेवले होते. म्हणाला, "गुरुजी, पोराला बोलावलंय हे चांगलंच झालं. पण झोडणीला माझ्याकडं हात किती? त्या लोकांना सांगा, भात घरात आलं की बोलवा. मी स्वतः आणून सोडतो." नकार नव्हताच तो. तारीख बदला, एवढेच मागणे होते. ते मी लिहून कळवले. उत्तर आले नाही.

कातकऱ्यांच्या मुलांचे तर त्याहून निराळे. दिवाळी सरली की कितीतरी कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला निघून जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलाचे नाव शाळेच्या पटावर, घराला झापाचे दार ओढलेले. डिसेंबरात त्याच्या नावाने टाकलेले कार्ड पोस्टमनने तरी कोणाच्या हाती द्यावे? हजेरीपटाला पत्ता असतो, पोटाला नसतो. अमेरिकेतल्या त्या संघटनेने नियम करून काही मुलांना वगळले. आपण कोणताही नियम न करता, केवळ तारखा ठरवून, तितक्याच मुलांना वगळू शकतो.

म्हणूनच मी आईबापांना चार गोष्टी सुचवतो. मुलाला कोठूनही बोलावणे आले, मग ते कार्ड असो, छापील पत्रक असो, की आजकाल आईबापांच्या भ्रमणध्वनीवर येणारा निरोप असो, त्याला चार प्रश्न विचारावेत. हे पत्र माझ्यापासून लपवायला मुलाला सांगितले आहे का? तेथून मधेच परत यावेसे वाटले तर येता येईल का? बोलावणारा मुलांबरोबर चालणार आहे, की मागून हाकणार आहे? आणि आमच्या गल्लीतल्या, आमच्या वाडीतल्या कोणत्या मुलाला हे बोलावणे आलेले नाही, आणि का? संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा जो करार केला आणि ज्यात भारत १९९२ साली सामील झाला, त्यात मुलांना संघटना करण्याचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. स्वातंत्र्य म्हटले की जाण्याचे तसेच न जाण्याचेही आलेच. वैयाकरणांचा 'आमंत्रण' हा शब्द त्यात न सांगता येऊन बसला आहे.

कोणी म्हणेल, एवढा संशय घेत बसलो तर मूल घरकोंबडे होईल. तसे मुळीच नव्हे. ब्राउनसी बेटावर आठवडा काढून आलेली मुले, शाखेत पहिल्यांदा परक्या जातीच्या मित्राच्या ताटातला घास खाल्लेली मुले, टपालाने मित्र जोडणारी एकांडी मुले ही सारी बोलावण्याला 'हो' म्हणाली म्हणूनच मोठी झाली. मुलांना बोलावणारे कोणी नसणे हीही एक उपासमारच आहे. माझे म्हणणे इतकेच की, त्यांचा 'हो' खरा असावा, आणि खरा 'हो' तेथेच उगवतो जेथे 'नाही' म्हटले तरी कोणी डोळे वटारीत नाही.

ह्या दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घरी मुलाच्या नावाचे एखादे पत्र आले, तर ते फोडून वाचू नका. ज्याचे त्याला द्या. तो वाचील, लाल होईल, दोनदा वाचील आणि मग तुमच्याकडे पाहील. तेव्हा काय उत्तर द्यायचे ते त्याला सांगण्याची घाई नको. शेजारी जागा करून बसा, आणि उत्तराचे कार्ड त्याच्याच हाताने लिहू द्या.